आधी घरात काय चालू आहे ते ओळख

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, कोल्हापूरजवळच्या उचगावात राहतेस. घरचा विंडोज लॅपटॉप आणि काकांच्या फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानातले तीन कॉम्प्युटर सुरक्षेच्या बाबतीत किती कच्चे आहेत, हे तुला स्वतः तपासायला शिकायचं आहे. काली लिनक्स, म्हणजे सुरक्षा तपासणीची टूल्स भरलेली लिनक्सची आवृत्ती, टाकून महिना झाला, पण त्यातली टूल्सची रांग बघून पुढं काय करायचं ते कळेना. एका क्लासनं साठ हजार रुपये फी सांगितली आहे, ती भरावी का? आणि सरावाला शेजारच्यांचं वाय-फाय घेतलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या किंवा जबाबदार माणसाच्या परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये, नेटवर्कमध्ये शिरलं तर नुसत्या शिरण्यावरूनही भरपाईची जबाबदारी येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या हेतूनं केलं असं ठरलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी फक्त शिकत होते’ हे पोलीस ठाण्यात पटवून द्यायची वेळ स्वतःवर आणू नकोस. शेजारच्या काकू तोंडानं हो म्हणतीलही, पण आपण कशाला हो म्हटलं हे त्यांना माहीत नसतं. ती परवानगी धरायची नाही.

काकांच्या दुकानालाही हेच लागू. घरचे असले तरी वहीच्या एका पानावर लिहून घे: कुठली यंत्रं तपासणार, कुठल्या दिवशी, किती ते किती वाजता, काय करणार आणि काय करणार नाही. खाली काकांची सही. या पानाचा मी एवढा आग्रह का धरतो ते सांगतो. उद्यमनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचो त्या काळात एका पतसंस्थेनं मला ‘सगळं एकदा बघून घ्या’ म्हणून बोलावलं होतं. मी भर दुपारी, काउंटरवर गर्दी असताना, एका टूलनं अख्ख्या नेटवर्कची तपासणी लावली. कोपऱ्यातला नेटवर्क प्रिंटर सुरू झाला आणि विचित्र अक्षरांची पानंच्या पानं बाहेर यायला लागली. पासबुक घेऊन उभी असलेली माणसं घाबरली, व्यवस्थापकांना वाटलं यंत्रणाच कुणीतरी ताब्यात घेतली. झालं होतं एवढंच, की बरेच प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून यंत्रात यायचं क्रमांक दिलेलं दार) जे येईल ते छापतात, आणि माझं टूल त्या पोर्टला ‘तू कोण आहेस’ असं वेगवेगळ्या भाषांत विचारत होतं. एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या टूलमध्ये सेवेची आवृत्ती ओळखताना हे पोर्ट मुळातच वगळलेलं असतं, ते याच कारणासाठी. चूक पूर्णपणे माझी होती. कुठली वेळ चालेल ते विचारलं नव्हतं, कुठली यंत्रं सोडायची तेही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून कागदाशिवाय मी काम सुरू करत नाही.

आता मूळ मुद्दा. काली उघडून तू अडकलीस याचं कारण तू हत्यारांपासून सुरुवात केलीस. या कामात पहिला प्रश्न ‘कुठं फुटतंय’ हा नसतो; ‘इथं काय चालू आहे, आणि ते का चालू आहे’ हा असतो. ज्या घरात रोज रात्री कुठली खिडकी उघडी असते हे माहीत नाही, तिथं आज एखादी जास्त उघडी आहे हे कळणार कसं? म्हणून काली काही दिवस बाजूला ठेव आणि घरच्या लॅपटॉपसमोर वही-पेन घेऊन बस.

कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड. नेटस्टॅट ही आज्ञा दे, तिच्यापुढं एक आडवी रेघ आणि तिला जोडून ए, एन, ओ ही तीन अक्षरं. मोठी यादी येईल. त्यातल्या ‘लिसनिंग’ लिहिलेल्या ओळी वहीत उतरव. हे म्हणजे पोर्टवर कान देऊन बसलेले कार्यक्रम. प्रत्येक ओळीत पत्ता बघ. १२७.०.०.१ असेल तर तो कार्यक्रम फक्त त्याच यंत्राच्या आतलं ऐकतो, म्हणजे स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधलं दार. ०.०.०.० असेल तर तो सगळ्या बाजूंनी ऐकायला तयार आहे, म्हणजे रस्त्याकडचं दार. शेवटच्या रकान्यातला आकडा टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये शोधलास की कार्यक्रमाचं नाव मिळतं. १३५ आणि ४४५ जवळपास प्रत्येक विंडोजवर दिसतील, त्यांना घाबरू नकोस. ३३८९ दिसलं तर थांब: ते दुसरीकडून आपला कॉम्प्युटर चालवायचं रिमोट डेस्कटॉप आहे, आणि घरच्या यंत्रावर ते कुणी, कशासाठी चालू केलं याचं उत्तर मिळालंच पाहिजे.

पहिल्या दिवशी यादीतल्या निम्म्या ओळी तुला कळणार नाहीत. रोज दोन ओळींचा शोध घे. पंधरा दिवसांत तुझा लॅपटॉप तुला जितका माहीत होईल तितका कुठल्याही टूलनं कळणार नाही. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि बहुतेक पोरं तो गाळतात. माझ्याकडं शिकायला आलेल्यांत पुढं खरंच चांगलं काम कोण करणार, हे मी या वहीवरूनच ओळखत आलो आहे.

मग दुसऱ्या यंत्रावरून तोच लॅपटॉप बघ. इथं एनमॅप लागतं. गॉर्डन लायननं १९९७ मध्ये ते लोकांसमोर ठेवलं, आजही फुकट आहे आणि आजही पहिलं टूल तेच. काही न सांगता चालवलंस तर ते सर्वांत जास्त वापरातली १,००० टीसीपी पोर्ट तपासतं (टीसीपी ही यंत्रांनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत). एकूण असतात ६५,५३५. त्यामुळं ‘काही सापडलं नाही’ असं लिहिताना कशात सापडलं नाही तेही लिहायचं. यूडीपी ही बोलायची दुसरी पद्धत, ती तर वेगळीच तपासावी लागते आणि ते काम वेळखाऊ असतं.

खरं शिक्षण दोन याद्या शेजारी ठेवल्यावर होतं. आतून नेटस्टॅटनं वीस दारं दाखवली आणि बाहेरून एनमॅपला तीनच दिसली, तर मधली सतरा कुणी झाकली? फायरवॉलनं. आता विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या वाय-फायचा प्रकार ‘पब्लिक’चा ‘प्रायव्हेट’ कर आणि पुन्हा तपास. बऱ्याचदा ४४५ लगेच उघडं दिसेल. परत ‘पब्लिक’ कर, नाहीसं होईल. एका बटणानं दार उघडतं-मिटतं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस की रंकाळ्यावरच्या कॅफेत किंवा एसटी स्टँडवर लॅपटॉप जोडताना कुठला पर्याय निवडायचा हे कुणी सांगावं लागणार नाही. आणि ४४५ ला एवढं महत्त्व का, तर १२ मे २०१७ ला जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर याच दारानं एका यंत्रातून दुसऱ्यात गेलं. ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. हातात जवळजवळ दोन महिने होते.

राउटरची तपासणी घरात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाची. केबलवाला जोडणी देऊन जातो तेव्हा बऱ्याच घरांत पासवर्ड कारखान्यातलाच राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. आधी तो पासवर्ड बदल. डब्ल्यूपीएस, म्हणजे पिन किंवा बटणानं वाय-फाय जोडायची सोय, बंद कर. त्याचा आठ आकडी पिन ऐकायला मजबूत वाटतो; पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळं कोट्यवधीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्येच उघड झालं, तरी डब्ल्यूपीएस चालू असलेली राउटरं मला अजून भेटतात. यूपीएनपी (घरातल्या यंत्रांना राउटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) लागत नसेल तर बंद, बाहेरून राउटर चालवायची सोय बंद, फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, नवं.

इथं एक धोक्याची जागा आहे, ती कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. ‘बाहेरून माझं घर कसं दिसतं’ हे बघायला पोरं मोबाइल डेटावरून स्वतःच्या सार्वजनिक पत्त्यावर एनमॅप चालवतात. तो पत्ता तुझा असेलच असं नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन’, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघ. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा वेबसाइटवर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नसेल, तर कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांत वाटलेला आहे. तू तपासशील ते तुझं दार नसेल, कंपनीचं यंत्र असेल. अशा वेळी बाहेरून तपासणी करायचीच नाही. मात्र आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल तर घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा थेट पत्ता मिळतो आणि वरची वाटणी तिथं आड येत नाही. राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे का, ते न विसरता बघ.

एवढं झाल्यावर काली बाहेर काढ. पण हल्ल्याचा सराव घरच्या खऱ्या यंत्रांवर करायचा नाही. व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाक, त्यात एका बाजूला काली आणि दुसऱ्या बाजूला मेटास्प्लॉइटेबल २, म्हणजे शिकण्यासाठी मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं लिनक्स. आठ जीबी रॅमवर दोन्ही बसतात. नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे तुझ्याच लॅपटॉपपुरतं, ठेव. ‘ब्रिज्ड’ केलंस तर ती भोकं तुझ्या घरच्या वाय-फायवर येतील. प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट घे, म्हणजे मोडलं तर मागं जाता येतं.

तिथं व्हीएसएफटीपीडी २.३.४ नावाची फाइल पाठवायची सेवा भेटेल. तिच्यातून यंत्र कसं फुटतं याचे व्हिडिओ ढिगानं आहेत, दोन मिनिटांत जमतं. मला त्यामागची गोष्ट महत्त्वाची वाटते. २०११ च्या जूनअखेरीस कुणीतरी या सॉफ्टवेअरच्या अधिकृत साइटवरची फाइलच बदलली. वापरकर्त्याच्या नावाच्या शेवटी हसऱ्या चेहऱ्याची खूण टाकली की ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडायचं. लोकांनी खऱ्या जागेवरूनच सॉफ्टवेअर घेतलं होतं, तरी घरात चोर आला. फाइलची डिजिटल सही पडताळून बघणाऱ्याला मात्र ती जुळत नाही हे कळलं असतं. प्रत्येक भोकामागं अशी एक हकिगत असते. ती वाचल्याशिवाय पुढच्या भोकाकडं जाऊ नकोस.

त्यानंतर ओपनव्हास किंवा नेसससारखं स्कॅनर. ते यंत्राची आवृत्ती, सेवा, सेटिंग बघून माहीत असलेल्या दोषांशी ताडून यादी देतं. दोन गोष्टी ध्यानात ठेव. पहिली: घरच्या कॉम्प्युटरचे दोष बहुधा रस्त्याकडच्या दारांत नसतात, आत बसवलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. बाहेरून ठोठावून ते दिसत नाहीत, स्कॅनरला लॉगिन देऊन आतून तपासावं लागतं. फाइली दाबून एकत्र करणाऱ्या विनरारचं उदाहरण घे. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यात १९ वर्षं जुना दोष सापडला. आणि हे सॉफ्टवेअर आपोआप अपडेट होत नसल्यानं ज्यानं कुणी ते एकदा टाकलं आणि विसरला, त्याच्याकडं तो दोष तसाच बसून राहिला.

दुसरी गोष्ट गुणांची. प्रत्येक दोषाला शून्य ते दहा असे सीव्हीएसएस गुण असतात; सात ते ८.९ म्हणजे गंभीर, नऊ आणि त्याच्या वर अतिगंभीर. नवी पोरं यादी उतरत्या क्रमानं लावतात आणि वरून सुरू करतात. आपण कोल्हापूरची माणसं, आपल्याला हे समजायला सोपं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना गेली की इशारा, ४३ ला धोका. आकडा सगळ्या शहराला एकच. पण ४३ फुटांना नदीजवळच्या सुतारवाड्यातली कुटुंबं सामान घेऊन बाहेर पडलेली असतात, आणि राजारामपुरीत वरच्या गल्ल्यांतली दुकानं उघडी असतात. दोषाचे गुण म्हणजे बंधाऱ्याचा आकडा. तुझं यंत्र कुठल्या गल्लीत आहे हे तुलाच बघायचं आहे. इंटरनेटला कधीच न जोडलेल्या यंत्रातला ९.८ गुणांचा दोष थांबू शकतो. आईच्या बँकेचं काम ज्या ब्राउझरमध्ये होतं त्यातला ७.५ चा दोष आज रात्रीच मिटवायचा. स्कॅनर कधी नसलेला दोषही दाखवतो, म्हणून प्रत्येक ओळ हातानं पडताळल्याशिवाय अहवालात घ्यायची नाही.

आता स्कॅनरला न दिसणाऱ्या, पण मला घराघरांत सापडलेल्या तीन जागा. पहिली, अँटिव्हायरसमधली वगळण्याची यादी. विंडोज सिक्युरिटीत ‘एक्सक्लूजन्स’ उघडून बघ. क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते; बसवणारा कुठला तरी फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्ह तिथं टाकून जातो. वर हिरवी खूण दिसते आणि पहारेकरी मात्र कुठंच बघत नसतो. दुसरी, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर ही दुरून कॉम्प्युटर चालवायची सॉफ्टवेअरं. दुरुस्तीला आलेल्यानं कायमचा पासवर्ड लावून ते चालू ठेवलं असेल तर काढून टाक. फोनवर बोलून पैसे लुटणारेही लोकांना हीच सॉफ्टवेअरं टाकायला लावतात. घरच्यांना १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आजच पाठ करून दे. तिसरी, रोजचं काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून होतं का? होत असेल तर साधं खातं काढून दे.

बॅकअपही तपासणीचाच भाग आहे. २०१९ च्या पुरानंतर नदीकाठच्या पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानात गेलो होतो. कॉम्प्युटर भिजला होता, आणि त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली बॅकअपची डिस्कही. बॅकअप आहे का एवढं विचारू नकोस. कुठं आहे ते विचार, आणि त्यातली एक फाइल तुझ्यासमोर उघडून दाखवायला सांग.

फीबद्दल: साठ हजार आत्ता भरू नकोस. तुला आधी टीसीपी-आयपी (इंटरनेटवर यंत्रं एकमेकांशी कशी बोलतात त्याचे नियम), लिनक्सची कमांड लाइन आणि थोडं पायथॉन लागेल. त्यासाठी कॉलेजचा अभ्यासक्रम, ओव्हरदवायर या साइटवरचा ‘बँडिट’ हा सरावाचा खेळ आणि पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी पुरेशी आहेत, शेवटची दोन्ही ऑनलाइन आणि फुकट. वर्षभरानंतरही गोडी टिकली तर परीक्षेचा विचार कर, आणि तेव्हाही जिथं प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवावं लागतं तीच परीक्षा निवड.

उरलं काकांचं दुकान. तू लिहिलंयस की त्यातला फ्लेक्सच्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर विंडोज ७ वर आहे, कारण मशीनचा ड्रायव्हर पुढं चालत नाही. विंडोज ७ ची मदत, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपली. स्कॅनर त्यावर लाल ओळींचा पाऊस पाडेल. ती यादी काकांपुढं ठेवून ‘हे बदला’ म्हणालीस तर ते नवीन मशीनच्या किमतीचा विचार करतील आणि तुझी वही मिटवतील. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून बदलता न येणाऱ्या यंत्राभोवती कुंपण घालायचं. त्याचं इंटरनेट तोड. ऑटोरन, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातलं काही आपोआप चालू होणं, बंद कर. वाढदिवसाच्या आणि लग्नाच्या फ्लेक्ससाठी गिऱ्हाईक जो पेनड्राइव्ह आणतं तो त्यात कधीच लावायचा नाही. तो दुसऱ्या, अपडेट घेणाऱ्या कॉम्प्युटरवर लावायचा, तपासायचा, आणि फाइल दुकानाच्या स्वतःच्या, रंग लावून वेगळ्या केलेल्या पेनड्राइव्हनं न्यायची. बिलं आणि बँकेचं काम तिसऱ्या कॉम्प्युटरवर, तिथं गिऱ्हाईकाच्या फाइल अजिबात नकोत. उरलेले दोन जर विंडोज १० वर असतील तर त्याचीही साधी मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे, तेव्हा ११ चालतं का ते आधी बघ.

काकांना द्यायचा अहवाल एका पानाचा कर, मराठीत. तीन रकाने: काय सापडलं, त्यानं दुकानाचं काय बिघडू शकतं, काय करायचं आणि किती खर्च. ‘एसएमबी’ (४४५ वरची फाइल वाटून घ्यायची सेवा) असं लिहू नकोस. ‘एका कॉम्प्युटरला लागण झाली तर उरलेल्या दोघांतल्या डिझाइनच्या फाइल उघडणार नाहीत’ असं लिही. दुरुस्त्या झाल्या की तीच तपासणी तशीच पुन्हा कर आणि दोन्ही तारखा पानावर टाक. दुसऱ्या तारखेला ओळ गेली नसेल तर काम झालेलं नाही.

तपासणी रात्री दुकान बंद झाल्यावर ठेव, लग्नसराईत अजिबात नको. आणि सुरू करण्याआधी फ्लेक्सचं मशीन आणि बिलांचा प्रिंटर, दोन्हींची पिन काढ.